आपली हाडे, कोणाचे माप?

आयर्लंडमध्ये येऊन दहा-पंधरा वर्षे झालेल्या आमच्या कुटुंबांत अलीकडे एक नवा कागद दिसू लागला आहे. त्यावर सांगाड्याची करडी, धूसर प्रतिमा असते. शेजारी हिरव्या, पिवळ्या व तांबड्या पट्ट्यांचा आलेख असतो आणि त्या पट्ट्यांवर कोठेतरी एक ठिपका उमटलेला असतो. तो ठिपका म्हणजे आपण. आमच्यातील परिचारिका भगिनी असे अहवाल रुग्णालयात नित्य हाताळतात. परंतु स्वतःच्या नावाचा कागद हाती आला, की त्यांचाही जीव खालीवर होतो. रविवारच्या वंदनेनंतर चहाच्या वेळी हा कागद पिशवीतून बाहेर निघतो आणि प्रश्न येतो, "ताई, उणे दोन पूर्णांक सहा म्हणजे फार वाईट का हो?"

आम्हांला वाटते, त्याआधी आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. उणे, ते कोणापेक्षा?

यंत्र काय मोजते

या तपासणीला डेक्सा म्हणतात. तिची यंत्रे १९८७ पासून बाजारात आली. तपासणी साधी असते. सपाट टेबलावर उताणे निजायचे, आणि यंत्राचा हात अंगावरून हळूहळू सरकत जातो. बोगद्यात शिरावे लागत नाही, सुई टोचली जात नाही. दहा-पंधरा मिनिटांत काम संपते.

दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण शरीरातून पार होतात. हाड आणि मांस ते सारख्या प्रमाणात शोषीत नाहीत. या फरकावरून प्रत्येक बिंदूपाशी हाडातील खनिज किती आणि मऊ भाग किती, याचे गणित मांडले जाते. किरण दोन, म्हणून उत्तरेही दोनच मिळतात. जेथे हाड आहे तेथे हाड आणि मऊ भाग वेगळे करता येतात. जेथे हाड नाही तेथे चरबी आणि चरबीविरहित भाग वेगळे करता येतात. हाडाच्या वर-खाली असलेल्या मांसात चरबी किती, हे यंत्राला थेट दिसत नाही. ते शेजारच्या भागावरून अंदाज बांधते. चरबीविरहित भाग म्हणजे केवळ स्नायू, असेही नव्हे. त्यात अवयव आणि पाणीही येते.

किरणोत्सर्गाची भीती अनेकांना वाटते. आयर्लंडच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हिशेबानुसार येथील माणसाला वर्षाकाठी सरासरी सुमारे ४,००० मायक्रोसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. त्याचा मोठा वाटा जमिनीतून घरात शिरणाऱ्या रेडॉन वायूचा असतो. हे प्रमाण दिवसाला सुमारे ११ पडते. संपूर्ण शरीराच्या डेक्सा तपासणीत मिळणारी मात्रा काही थोड्या मायक्रोसिव्हर्टांची, म्हणजे घरी बसून एका दिवसात मिळते त्याच्या जवळपासची असते. तरीही गरोदर स्त्रियांची ही तपासणी करीत नाहीत.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. प्रौढ व्यक्तीची हाडे ठिसूळ झाली आहेत काय, याचा निर्णय कंबरेचे मणके आणि खुबा यांच्या मापावरून होतो. संपूर्ण शरीराची तपासणी मुख्यतः चरबी आणि स्नायूंचे प्रमाण समजण्यासाठी, तसेच मुलांच्या हाडांच्या वाढीसाठी वापरतात. मुलांत डोके वगळून उरलेल्या शरीराचे माप घेतात. व्यायामप्रेमींसाठी खाजगी केंद्रांतून जी संपूर्ण शरीराची तपासणी विकली जाते, तिच्या अहवालावरून "माझी हाडे उत्तम आहेत" असा निष्कर्ष कोणी काढू नये.

तुलना कोणाशी

अहवालातील टी-स्कोअर म्हणजे तुलनेचा आकडा. निरोगी तरुण व्यक्तींची सरासरी शून्य धरून आपण त्यापासून किती प्रमाण विचलने वर वा खाली आहोत, हे तो सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये रेषा आखून दिल्या. उणे १ पर्यंत सामान्य, उणे १ ते उणे २.५ यांच्या दरम्यान घनता कमी, आणि उणे २.५ वा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. हे निकष रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांना आणि पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांना लागू होतात. त्याहून तरुण व्यक्तींसाठी समवयस्कांशी तुलना करणारा झेड-स्कोअर पाहतात.

मग ज्यांची सरासरी शून्य धरली, त्या निरोगी तरुण व्यक्ती कोण? खुब्याच्या मापासाठी आंतरराष्ट्रीय संस्थांनी मान्य केलेला आधारगट म्हणजे अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात तपासलेल्या २० ते २९ वयाच्या गोऱ्या स्त्रिया. पुरुषांचा टी-स्कोअर काढतानाही याच स्त्रियांचा आधार घेण्याची शिफारस आहे. नांदेड वा अकोल्याहून आलेली पन्नास वर्षांची आपली भगिनी डब्लिनमधील टेबलावर निजते, तेव्हा तिच्याशी तुलनेला उभी असते ती अमेरिकेतील पंचविशीची गोरी युवती. यात कोणाचा कट नाही. जगभर एकच पट्टी असली, तर देशोदेशींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात, हा त्यामागील हेतू आहे. परंतु पट्टी कोणाची, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

दुसरी अडचण आकाराची. डेक्सा हाडाची सावली पाहते. त्याची जाडी तिला दिसत नाही. म्हणून घनता प्रति घन सेंटिमीटर नव्हे, तर प्रति चौरस सेंटिमीटर मोजली जाते. एकाच गुळाचे दोन चौकोनी खडे घ्या. एकाची बाजू एक सेंटिमीटर, दुसऱ्याची दोन. सोयीसाठी घन सेंटिमीटरला एक ग्रॅम वजन धरू. पहिला खडा एक ग्रॅमचा, त्याची सावली एक चौरस सेंटिमीटर, उत्तर एक. दुसरा आठ ग्रॅमचा, सावली चार चौरस सेंटिमीटर, उत्तर दोन. गूळ तोच, पण मोठा खडा दुप्पट घन ठरला! लहान चणीच्या माणसांची हाडे यंत्राला काहीशी विरळ दिसतात, त्याचे एक कारण हे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१० मध्ये भारतीय स्त्रीपुरुषांच्या अस्थिघनतेची स्वतंत्र मानके प्रसिद्ध केली, ती याच गरजेतून.

मात्र यावरून "आपली हाडे लहान, म्हणून अहवाल चुकीचा" असे म्हणून कागद कपाटात टाकणे घातक ठरेल. लहान हाड मोडायलाही सोपे असते. शिवाय भारतीय स्त्रियांची रजोनिवृत्ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी, म्हणजे युरोपीय स्त्रियांहून काही वर्षे आधी येते, आणि हाडांची झीज तेथून वेग घेते. आकड्यापुढे घाबरून जाऊ नये आणि त्याला झिडकारूही नये. तो वाचायला शिकावे.

मोजमापाचा जुना इतिहास

आपल्या लोकांच्या शरीराला कोणी पट्टी लावली, की आपले मन सावध होते. त्याला कारण आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी भारतीयांच्या नाकांची मापे घेतली आणि नाक जितके रुंद, तितकी जात खालची, असा सिद्धान्त मांडला. गंमत अशी, की त्याच काळात याच पट्ट्या आयर्लंडच्या गरीब कोळ्या-शेतकऱ्यांच्या डोक्यांनाही लागत होत्या. डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात १८९१ मध्ये मानवमितीची प्रयोगशाळा उघडली. त्याच्या आदल्या वर्षी आल्फ्रेड हॅडन आणि अँड्र्यू डिक्सन यांनी पश्चिम किनाऱ्यावरील इनिशबोफिन बेटावरून, सेंट कोलमनच्या मठाच्या अवशेषांतून, तेरा मानवी कवट्या गुपचूप उचलून आणल्या होत्या. बेटावरच्या लोकांनी त्या परत मागितल्या. अखेर २०२३ च्या जुलैमध्ये त्या कवट्या बेटावर परत नेऊन सन्मानाने पुरण्यात आल्या. आपल्या पूर्वजांची हाडे कोणाच्या फडताळात असावीत, हा प्रश्न आयरिश माणसाला एकशे तेहतीस वर्षे सलत होता. ही वेदना आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.

बाबासाहेबांनी या मोजमापाचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी नाकाच्या मापांची तीच कोष्टके हाती घेतली. समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी संकलित केलेल्या आकड्यांच्या आधारे प्रांतोप्रांतीचे ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची मापे शेजारी शेजारी ठेवली आणि दाखवून दिले, की हे आकडे खरे मानले तर दोघेही एकाच वंशाचे ठरतात. अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नाही. मापे फेकून देण्याऐवजी ती ज्यांनी घेतली त्यांच्याहून अधिक काळजीपूर्वक त्यांनी वाचली. कालाम सुत्तातील तथागतांचा उपदेशही हाच नव्हे काय? ऐकीव म्हणून, ग्रंथात आहे म्हणून वा गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नये; पारखून घ्यावे. डेक्साच्या कागदालाही हीच पारख लागू आहे.

पुण्याचा पुरावा

अशी पारख केल्याने काय हाती लागते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांची उंची व वजन यांचे गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, अगदी सारखे होते, २२.३. दोघेही सडपातळ दिसतात. परंतु डेक्साने चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. वजनकाट्यावर समान असलेल्या दोन शरीरांत एवढे अंतर! दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून हे कोडे 'वाय-वाय' विरोधाभास म्हणून ओळखले जाते.

याचे मूळ शोधताना डॉ. याज्ञिक गर्भाशयापर्यंत गेले. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी मातांच्या पोषणाचा अभ्यास चालवला. तेथे पूर्ण दिवसांची बाळे सरासरी २.७ किलोची जन्मत होती, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोट लहान होते. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बाळ बारीक, पण आतून मेदयुक्त. आपल्यातील अनेकांना ऐन चाळिशीत, पोट फारसे सुटलेले नसतानाही, मधुमेह का गाठतो, याचे उत्तर शोधण्याची वाट येथून सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही २००४ मध्येच आशियाई लोकांसाठी बीएमआयची सावधानतेची रेषा २५ ऐवजी २३ वर आणावी, असे सुचवले. येथील दवाखान्यात "तुमचे वजन ठीक आहे" असे ऐकल्यावर ही रेषा आपण आठवावी.

याच गावांतील सुमारे सातशे मुलांची सहाव्या वर्षी डेक्सा तपासणी झाली. गरोदरपणी ज्या मातांच्या आहारात दूध, डाळी, पालेभाज्या, फळे, मांसाहार असे कॅल्शियमयुक्त पदार्थ अधिक वेळा होते, त्यांच्या मुलांच्या हाडांत खनिज अधिक आढळले. आईच्या ताटात काय पडले, ते सहा वर्षांनंतर मुलाच्या हाडांत उमटले होते. आम्ही हे वाचले तेव्हा १९२८ मधील मुंबई कायदेमंडळाची आठवण झाली. कामगार स्त्रीला बाळंतपणाआधी व नंतर विश्रांती आणि भत्ता मिळावा, या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब तेथे बोलले होते. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. त्या काळी डेक्सा नव्हती. पण आईची झीज हे केवळ तिचे एकटीचे नशीब नसून समाजाची जबाबदारी आहे, हे त्यांना दिसत होते.

यंत्राला न दिसणारे

तपासणीपूर्वी एक प्रश्नावली भरून घेतात. धूम्रपान, मद्य, स्टिरॉइडची औषधे, आधीचे अस्थिभंग, आईवडिलांचा खुबा मोडला होता काय, पाळी कोणत्या वर्षी थांबली. आमच्या भगिनी ती घाईने भरतात आणि शेवटच्या प्रश्नाशी अडखळतात. कारण काहींच्या बाबतीत पाळी थांबली नाही, ती थांबवली गेली.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यापुढे आला. शासनाच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. खाडा केला तर दंड, पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही, साध्या दुखण्यावरही "पिशवी काढून टाका" हा सल्ला. आयर्लंडमध्ये स्थिरावलेल्या आपल्या कित्येकांच्या आया, मावश्या, वहिनी त्याच पट्ट्यातील आहेत. काही जणी नातवंडांसाठी येथे येतात, काही येथेच राहतात. शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले असेल, तर हाडांचे संरक्षण करणारे संप्रेरक त्याच दिवशी आटते. ते राखले असले तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याची शक्यता वाढते. पस्तिशीत हे घडलेल्या स्त्रीची हाडे पन्नाशीतच वृद्ध होऊ शकतात. ही गोष्ट यंत्र सांगणार नाही आणि आयरिश डॉक्टरांच्या मनातही येणार नाही. ती आपणच सांगितली पाहिजे. आईला इंग्रजी येत नसेल, तर सोबत गेलेल्या मुलाने लाज बाजूला ठेवून विचारावे, "आई, तुझी पिशवी कोणत्या वर्षी काढली?" यात लाज वाटण्यासारखे काही असेल, तर ती त्या व्यवस्थेला वाटावी.

ऊन आणि ताट

दुसरी गोष्ट आकाशाची. आयर्लंड ५१ ते ५५ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान आहे. ऑक्टोबरअखेरीपासून मार्चपर्यंत येथील उन्हात त्वचेला ड जीवनसत्त्व तयार करण्याइतके बळ नसते. त्यात आपली त्वचा सावळी, म्हणजे तिला ऊन अधिक लागते. ट्रिनिटीच्याच संशोधकांनी २०२० मध्ये डब्लिन परिसरातील आशियाई वंशाच्या प्रौढांच्या रक्तनमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश जणांत ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. ज्या संस्थेत एकेकाळी डोकी मोजली जात होती, तेथूनच आज आपल्या उपयोगाचे ज्ञान येत आहे, हेही नोंदवले पाहिजे. सावळ्या वर्णाच्या लोकांनी ड जीवनसत्त्वाची पूरक मात्रा केवळ हिवाळ्यात नव्हे, वर्षभर घ्यावी, अशी येथील अन्न सुरक्षा प्राधिकरणाची शिफारस आहे. मात्रा किती, हे डॉक्टरांना वा औषधविक्रेत्याला विचारावे. गावाहून आणलेल्या साठ हजार युनिटांच्या पुड्या रक्त तपासल्याशिवाय दर आठवड्याला घेत राहू नयेत. अति झाले तर तेही अपायकारक ठरते.

आणि ताट. दूध-तूप ज्यांच्या वाट्याला कधी आले नाही, त्या आपल्या आजी-पणजींनी सुकट, बोंबील, नाचणी, तांदुळजा, शेवग्याचा पाला यांवर हाडे सांभाळली. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. काट्यासकट खाल्लेली सुकट तर कॅल्शियमचे भांडारच. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील आपल्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली, तेव्हा अनेकांना ते ताट प्रथमच छापील पानावर दिसले. परदेशात वास येईल म्हणून सुकट घरात न आणणाऱ्या सुनेला आम्ही एवढेच सांगू, की खिडकी उघडा, पण सुकट भाजा. काट्यासकट खाल्लेले डब्यातील सार्डिन मासेही तेच काम करतात.

आता काय करावे

पन्नाशीनंतर उभ्याने पडून मनगट वा खुबा मोडला, उंची दोन-तीन सेंटिमीटरने घटली, पाळी पंचेचाळिशीआधी थांबली, किंवा स्टिरॉइड दीर्घकाळ चालू आहेत, तर आपल्या डॉक्टरांकडे डेक्साचा विषय स्वतःहून काढावा. पुरुषांनीही काढावा, ठिसूळ हाडे हा केवळ बायकांचा आजार नव्हे. तपासणीआधी कॅल्शियमच्या गोळ्या एक दिवस बंद ठेवण्यास सांगतात. पुढची तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर करावी, कारण निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे जुळत नाहीत. मधुमेह असेल तर चांगल्या टी-स्कोअरवर विसंबू नये. मधुमेहींची हाडे आकड्याने सुचते त्याहून लवकर मोडतात. आणि अहवाल हाती आल्यावर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. ही तुलना कोणाशी केली आहे? माझी चण लक्षात घेतली आहे काय? माझ्या पूर्वायुष्यातील कोणती गोष्ट तुम्हांला अजून ठाऊक नाही?

त्या आलेखावरचा ठिपका खोटा नसतो, पण तो अपुरा असतो. आपल्या हाडांत आईच्या गरोदरपणातील ताट असते, उसाच्या फडातील वाकलेली पाठ असते, आयर्लंडमधील रात्रपाळ्या आणि ढगाळ दुपारी असतात. यंत्र खनिज मोजते. उरलेले सांगण्याचे काम आपले. बाबासाहेबांनी आपल्याला आकडे वाचायला शिकवले. ते वाचन आता आईच्या खुब्यापासून सुरू करू या.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!